गुरुवारची सभा, शुक्रवारचा अंक

शेलूबाजार
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. सुकेशनी,
जयभीम आणि आशीर्वाद.

काल सहा डिसेंबर. तू विहारात तरी येशील असं तुझ्या आईला वाटत होतं. दुपारपर्यंत ती दाराकडे पाहत होती. मी पाहिलं नाही. फोन तू उचलत नाहीस. आई म्हणाली, "मंग जाऊन या ना रिठदले. माह्या बहिणीचं घर हाय, काही पोलीस चौकी नाही." मी म्हटलं, लिहून देतो. तर म्हणे, "द्या, लिहूनच द्या. तोंडानं बोलता आलं असतं तं वार्ताहर कायले झाले असते?" म्हणून ही चिठ्ठी तिच्याजवळ देतो आहे.

कॉलेजात जे झालं ते आधी. प्राचार्यांच्या खोलीत मी आवाज चढवला, हे खरं. "हा प्रकल्प मागे घ्या, नाहीतर तुमच्या गळक्या प्रयोगशाळेची बातमी लागेल," असं म्हणालो, हेही खरं. पण टेबलावर हात आपटला, असं जे तू मावशीला सांगितलंस ते चूक आहे. हातातली डायरी पडली, तिचा आवाज झाला.

अकरावीला 'माध्यम अभ्यास' नावाचा विषय निघाला आणि तू तो घेतलास, तेव्हाच मी म्हणालो होतो की बातमी वर्गात शिकता येत नाही. मी दहावी नापास माणूस. ग्यानबाच्या हॉटेलात भज्यांखालचे कागद वाचून शिकलो. तिसाव्या वर्षाच्या आत वार्ताहर झालो, आणि आज पेपरची एजन्सीही माझीच आहे. तुझ्या पौर्णिमा मॅडमनी प्रकल्प दिला: छापून आलेली एक जुनी बातमी घ्या, तिच्यातल्या प्रत्येक माणसाला भेटा, आणि बातमी तपासा. घरात बातम्यांच्या कात्रणांच्या एकतीस वह्या आहेत. तू त्या सोडल्यास आणि बैठकीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं कात्रण उतरवलंस. 'दारूचे दुकान हटवा; बोरजईच्या महिलांचा एकमुखी ठराव.' विचारलं असतंस तर दुसरी बातमी दिली असती.

असो. घेतलीस तर नीट तरी लिही. तुझ्या प्रकल्पाची प्रत घरीच राहिली आहे, तिच्यात पान दोनवर तू सभेची तारीख बुधवार, ८ ऑक्टोबर २००३ अशी लिहिली आहेस. साफ चूक. सभा गुरुवारी होती, ९ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता, बोरजईच्या शाळेसमोर. बातमी शुक्रवारच्या अंकात, १० तारखेला, पान तीन, चार कॉलम. तारखेत चुकणाऱ्या माणसाचं पुढचं कोणी वाचत नाही, हे तुझ्या मॅडमनी शिकवलं नसेल तर मी सांगतो. आणि पान तीनवर तू लिहिलंस की बातम्या 'ऑफिसला पाठवल्या जात'. कशा, ते लिही. तेव्हा आपल्याकडे ईमेल नव्हता. पाकीट जायचं. दुपारी सव्वादोनच्या अकोल्याच्या एस.टी.त ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. त्या पाकिटात जे गेलं ते दुसऱ्या दिवशी छापून आलं. जे राहिलं ते शिळं झालं. त्या अकरा वर्षांत माझं पाकीट एकदाही चुकलं नाही.

सभा माझ्या डोळ्यांसमोर आहे. साठ-पासष्ट बाया. शाळेच्या ओट्यावर सरपंच. आणि ललिताबाई उभ्या राहतात. दुकान त्यांच्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, किशनचं. तरी त्या म्हणतात, "दुकान माझ्याच घरच्या माणसाचे असले तरी ते बंद झाले पाहिजे. माझा नवराही तिथेच पितो." ते वाक्य त्या बातमीचा कणा आहे.

तुझा छापील फॉर्म सोबत परत देतो. रकाना सातवा, 'बातमी लिहिणाऱ्याने घटना स्वतः पाहिली का?' तिथे 'होय' लिहून सही केली आहे. १५ जानेवारी शेवटची तारीख आहे म्हणतात. वेळेत दे.

पान पाचवर ललिताबाईंच्या भेटीबद्दल लिहिलेलं दिसतं. ते मी अजून वाचलं नाही.

तुझा बाबा,
देवमन, वार्ताहर, शेलूबाजार


शेलूबाजार
रविवार, १४ डिसेंबर

चि. सुकेशनी,

माझ्याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. 'बाबा, सभा गुरुवारी पाच वाजता. पाकीट गुरुवारी सव्वादोन वाजता. बातमी शुक्रवारी. मी बुधवार मुद्दाम लिहिला होता.'

तीनदा वाचलं. सभा बुधवारी असती तर गुरुवारच्या पाकिटाशी जुळलं असतं. आईनं विचारलं, "काय लिवलं पोरीनं?" मी म्हटलं, तारखेचं आहे. "तारखेचं हाय तं तुमचं तोंड काहून उतरलं?"

सभा आटोपल्यावर मी शेलूबाजारला येऊन एस.टी.डी. बूथवरून बातमी सांगितली असेल. अपघाताच्या बातम्या तशा सांगत असू. तसं होऊ शकतं.

नाही. इथे खोडलं असतं, पण मी कागदावर खोडत नाही. फोन केला नव्हता. बातमी पाकिटातूनच गेली.

आता ऐक, कारण हे तुझ्या पुस्तकात नाही. तेव्हा सगळे असंच करत. मी एकटा नाही. कार्यक्रम संध्याकाळी असला की बातमी सकाळी लिहायची. पाहुणे ठरलेले, भाषणं ठरलेली, आभार कोण मानणार तेही ठरलेलं. 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' हे सकाळी दहा वाजता लिहिलेलं वाक्य संध्याकाळी खरं व्हायचं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा झालं. बोरजईचे ग्रामसेवक विकासभाऊ बुधवारीच अजेंडा देऊन गेले होते. म्हणाले, "ललिताबाई बोलणार हायेत. बचत गटात सगळ्यायच्या समोर कबूल झाल्या." मी विचारलं, काय बोलतील? ते म्हणाले, "काय बोलतीन? बंद करा म्हन्तीन." वाक्य मी बसवलं. बसवलं म्हणजे उगाच नव्हे, माणूस असंच बोलतो, हे ऐकून-ऐकून मला माहीत होतं.

आणि पुढचंही लिही. ते कात्रण जोडून बायांनी जिल्ह्याला अर्ज केला. सहा महिन्यांत दुकान उठलं. मार्च २००४. मला शाल-श्रीफळ मिळालं ते त्यासाठी. आज बोरजईत दुकान नाही. बातमीनं काय केलं तेही मोजा की. की तुमच्या विषयात फक्त घड्याळच पाहतात?

मी संध्याकाळी गेलो का, असं तू विचारलेलं नाहीस. तरी सांगतो. गेलो नाही. लिहून झालेल्या सभेला कोण जातं?

पान पाच वाचलं नाही. गुरुवारी वाचतो.

बाबा


शेलूबाजार
मंगळवार, २३ डिसेंबर

सुकेशनी,

आई रविवारी तुझ्याकडे येऊन गेली, पण तिच्याजवळ द्यायला माझं लिहून झालं नव्हतं. हे पोस्टानं टाकतो आहे.

तुझी माध्यमाची वही इथे राहिली आहे, निळ्या कव्हरची. मी ती चुका काढायला उघडली. दोन सापडल्या. पण एका पानावर मॅडमनी सांगितलेला प्रश्न तू चौकटीत लिहिला आहेस: 'बातमी छापून आल्यानंतर तिच्यातल्या माणसाचं काय झालं, हे कोणाच्या कामात बसतं?' खाली उत्तर नाही. मी पेन घेऊन उत्तर लिहायला बसलो. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, म्हटलं, एका ओळीत देतो. ओळ झाली नाही. मग तुझं पान पाच वाचलं.

तू लिहिलंस: ललिताबाई सभेला गेल्याच नाहीत. ग्रामसेवक आले नाहीत म्हणून सभाही झाली नाही, बाया तासभर बसून घरी गेल्या. शुक्रवारी सकाळी पेपर किशनच्या दुकानात वाचला गेला, मोठ्यानं. शनिवारी नवऱ्यानं, धनराजनं, ललिताबाईंना शेलूबाजारच्या स्टँडवर आणून सोडलं. चार वर्षांची मुलगी, निता, घरी ठेवून घेतली. बाई केनवडला भावाकडे राहिल्या. बावीस वर्षं झाली. निता मोठी झाली ती आई वाईट आहे असं ऐकत.

हे सगळं बरोबर आहे. एक गोष्ट त्यात नाही, आणि ती तुला ललिताबाईंनी सांगितली नाही, म्हणजे त्यांनी माझी इभ्रत राखली. तू त्यांना माझं नाव सांगितलंस, तुझं माझं नातंही सांगितलंस. तरी त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी त्या लगेच केनवडला गेल्या नाहीत. रात्र स्टँडसमोरच्या एका ओळखीच्या बाईकडे काढली. रविवारी, १२ ऑक्टोबरला सकाळी, ग्यानबाच्या हॉटेलात माझ्या टेबलाजवळ आल्या. डोक्यावर पदर, हातात घडी घातलेला शुक्रवारचा अंक. मी लिहीत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी कवा बोलली?"

मी वर पाहिलं. चेहऱ्यावरून ओळखलं नव्हतं, पण वाक्यावरून ओळखलं.

"ताई, चांगलंच तर छापलंय. जिल्हाभर नाव झालं तुमचं."

"मी तं घरातच होती. मले सांगा, मी कवा बोलली?"

ग्यानबा गल्ल्यावरून पाहत होता. आणखी चार जण होते. मी म्हणालो, "ताई, छापून आलं म्हणजे आलं." आणि गठ्ठ्यातून त्याच अंकाच्या तीन प्रती काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, जपून ठेवा.

त्यांनी तीन प्रतींकडे पाहिलं. घेतल्या नाहीत. "यायच्यात तरी सगळ्यायच्यात एकच छापलं हाय का?" असं विचारलं आणि स्टँडकडे गेल्या. मागून ग्यानबा म्हणाला, "देवमन, बाई काहून आलती रे?" मी म्हणालो, पेपर मागायला.

दोन ओळींचा खुलासा सोमवारच्या पाकिटात टाकला असता तर बुधवारपर्यंत छापून आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. खुलासा द्यावा लागलेला वार्ताहर टिकत नाही, हेही माहीत होतं. मी दहावी नापास. माझ्याजवळ नाव सोडून दुसरं काही नव्हतं. हे कारण म्हणून लिहीत नाही. तू विचारशील म्हणून लिहितो.

फॉर्म परत पाठव. रकाना सातवा चुकला आहे.

बाबा


शेलूबाजार
रविवार, ४ जानेवारी २०२६

सुकेशनी,

फॉर्म मिळाला. सोबत तू काही लिहिलं नाहीस. ठीक आहे.

शुक्रवारी केनवडला गेलो. आईनं डब्यात ठेचा-भाकर दिली आणि म्हणाली, "तिथं जाऊन भाषण नोका देऊ." जीपनं मालेगाव, तिथून केनवड. ललिताबाई भावाच्या घराला लागून पिठाची गिरणी चालवतात. मी दारात उभा राहिलो. त्यांनी ओळखलं, पण गिरणी बंद केली नाही.

"शेलूबाजारचे ना? पेपरवाले. दळण होऊ द्या."

ज्वारीचे दोन डबे दळून होईपर्यंत उभा होतो. पट्टा उतरवून त्यांनी हात झटकले.

"पोट्टी येऊन गेली तुमची. चांगली हाय. समोरच्याचं बोलणं होऊ देते, मंग लिहिते. तुमच्यावर गेली नाही."

मी म्हटलं, खुलासा लिहून आणलाय, वाचून दाखवतो. बसा म्हणाल्या नाहीत. उभ्यानं वाचला. चार ओळी. '१० ऑक्टोबर २००३ च्या अंकातील बातमीत श्रीमती ललिताबाई यांच्या तोंडी जे वाक्य छापले गेले, ते त्यांनी उच्चारलेले नव्हते. सभा झालीच नव्हती. त्या तेथे हजर नव्हत्या. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.'

त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "'आहोत' म्हणजे कोण कोण?"

मी म्हटलं, मी.

"मंग 'मी' लिवा ना. आन हे 'हजर नव्हत्या'. असं लिवलं तं लोक म्हन्तीन, बाई भेली. मी भेली नव्हती. नवऱ्यानं भायरून कडी लावलती."

मी लिहून घेतलं. त्या डब्यावर बसल्या. मीही समोरच्या पोत्यावर बसलो, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"एक सांगू का भाऊ तुमाले? ते बोलणं माह्यंच होतं. तुमी लिवलं ना, अक्षी तसंच माह्या मनात होतं. गटात कबूल झालतीच, बोलणार होती मी. पर पयले निताले हितं माहेरी आणून ठेवणार होती. दिवाळीले माहेरी येणारच होती तिले घेऊन. पोरगी हितं ठेवली असती, मंग दिवाळी झाल्यावरच्या सभेत उभी राह्यली असती. मंग कोणं काय केलं असतं माह्यं? पंधरा-वीस दिवस पाह्यजे होते मले. तुमी माह्या आंधीच बोलून टाकलं."

गिरणीत पीठ उडत होतं. माझ्या चष्म्यावर बसलं. मी पुसला नाही.

मी विचारलं, निता भेटते का? विचारायला नको होतं.

"लग्नाची पत्रिका आलती. भावाच्या नावानं. तिच्यात माह्यं नाव नव्हतं. तुमाले मालूम असंन, छापलं नाही म्हणजे नाही."

निघताना म्हणाल्या, "छापसाल?" मी म्हटलं, छापतो. "बोरजईत जाईन का?" जाईल म्हणालो. "मंग कडीचं नक्की लिवा. आन निताचं काही लिवसाल तं पयले माह्यं आयकून लिवा. उगाच लिवू नोका."

तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घरी फ्रेम लावल्या दिवसापासून मले ते बाई कोण म्हणून विचारायचं होतं. विचारलं नाही. मीबी दोषी हाय." तिचा काही दोष नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाबा


शेलूबाजार
सोमवार, १२ जानेवारी २०२६

सुकेशनी,

पेपरनं खुलासा छापला नाही. अकोल्याला डेस्कवर उत्कर्ष नावाचा मुलगा असतो, तुझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. म्हणाला, "काका, बावीस वर्षांचा खुलासा? कोणी मागितला का? जाऊ द्या ना." मी म्हटलं, मागितला होता, बारा ऑक्टोबरला. तो हसला. वाईट मुलगा नाही. मी त्याच्या वयाचा असताना हेच म्हणालो असतो.

मग मी दुसरा मार्ग घेतला. कोचिंग क्लासची, नेत्रतपासणी शिबिराची पत्रकं आपण पेपरात घालून वाटतो, तसं पत्रक छापून घेतलं. प्रेसवाल्यानं विचारलं, "कोणत्या रंगावर?" पांढऱ्यावर. शनिवारी सकाळी पाच वाजता स्टँडवर गठ्ठे सोडले आणि शेलूबाजारच्या एकशे अडतीस आणि बोरजईच्या एकोणीस प्रतींमध्ये एकेक मी हातानं घातलं. तुझी आई बाजूला बसून मोजत होती. एक कमी भरलं तर पुन्हा मोजलं.

ग्यानबानं हॉटेलात उभ्यानं वाचलं. म्हणाला, "देवमन, त्या दिवशी बाई पेपर मागाले आलती म्हणून सांगतलं होतं तू मले." मी म्हटलं, खोटं सांगितलं होतं. तो चहा गाळायला लागला. रोजचा चहा मात्र टेबलावर आला नाही, मीही मागितला नाही.

बोरजईला एकोणीस घरी स्वतः गेलो. धनराज ओट्यावर होता. आता थकला आहे, काठी असते. पत्रक वाचलं, सावकाश. मग पेपर मला परत दिला आणि पत्रक ठेवून घेतलं. म्हणाला, "उद्यापासून पेपर नोका टाकू माह्या घरी." बस. निताच्या सासरचा पत्ता त्याच्याकडे मागायची हिंमत झाली नाही. तो मी पुढे शोधीन. तिच्यापर्यंत एक प्रत जायला हवी. तिनं वाचलं की फाडलं, ते मला कळणार नाही, आणि मी गृहीत धरणार नाही.

पत्रक सोबत आहे. मजकूर ललिताबाईंना फोनवर तीनदा वाचून दाखवला, मगच छापला. त्यांनी शेवटी एक वाक्य घालायला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत आहे: 'माह्यं बोलणं मी सोता बोलणार होती.' प्रेसवाला म्हणाला, "हे शुद्ध करू का?" मी नाही म्हणालो.

भिंतीवर फ्रेमच्या जागी चौकोनी डाग आहे. तसाच राहू दे म्हटलं.

फॉर्म भरला. रकाना सातवा: 'नाही. मी तिथे नव्हतो. बातमी सभेच्या आधी लिहिली.' रकाना आठवा, चूक कळल्यावर काय केलं: 'कळली १२ ऑक्टोबर २००३ ला. कबूल केली १० जानेवारी २०२६ ला.' पौर्णिमा मॅडमना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ती त्यांच्याच हातात दे. प्राचार्यांकडे मी स्वतः जातो, बुधवारी अकरा वाजता. डायरी नेणार नाही.

तू घरी कधी येशील ते विचारत नाही. आई विचारते आहे, ते तिच्या तोंडून ऐक.

आईजवळ पाठवलेल्या प्रकल्पाच्या नव्या प्रतीत आता एकच चूक राहिली आहे. तारीख तू दुरुस्त केलीस, ते बरोबर. पण पान सहावर शेवटून दुसऱ्या ओळीत तू लिहिलं आहेस, 'वार्ताहराचा हेतू चांगला होता.' हे तू पाहिलेलं नाहीस. तुला ते मी सांगितलं होतं, आणि दुसऱ्या कोणी त्याला दुजोरा दिलेला नाही. गुरुवारी देण्याआधी ते वाक्य काढून टाक.

तुझा बाबा,
देवमन